दंडुक्याने शिस्त येते, की विश्वासाने?

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक जुने लाकडी बाकडे आहे. संध्याकाळी कामावरून आलेली माणसे तिथे घटकाभर टेकतात. परवा बोलता बोलता विषय कोरोनाचा निघाला. त्या दिवसांना आता पाच वर्षे उलटून गेली. आमच्यातले एक गृहस्थ मोठ्या आवाजात म्हणाले, "आपल्या लोकांना दंडुक्याशिवाय शिस्त नाही. त्या वेळी पोलिसांनी बडवले म्हणून तर वाचलो!" दोघातिघांनी माना डोलावल्या. बाजूलाच नळावर कळशी भरत असलेल्या एक वहिनी मात्र एक अक्षर न बोलता अर्धी कळशी उचलून घरात निघून गेल्या.

त्या का निघून गेल्या हे मला ठाऊक होते. त्या घराचे दोन कागद मी माझ्या हाताने भरलेले आहेत. कारकुनाचा जन्म कागद भरण्यातच जातो, पण हे दोन कागद काही केल्या विसरता येत नाहीत. त्या कागदांपासूनच हा लेख सुचला. ही हकीकत वहिनींना विचारून, नावे न देता लिहीत आहे.

एका घराचे दोन कागद

वहिनी घरकाम करतात. सासरे, म्हणजे आमचे आबा, निवृत्त सफाई कामगार. घरात साखर आणि रक्तदाबाचा आजार. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायला जाणारा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, आबांच्या गोळ्या संपल्या. नाक्यावरचे औषधाचे दुकान सरकारी हुकुमाप्रमाणे उघडे होते. औषध आणायला बाहेर पडण्याची परवानगीही होती. पोरगा डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घालून निघाला. चौकात अडवले. चिठ्ठी काढायला खिशात हात घातला तोवर पोटरीवर दोन लाठ्या बसल्या. मग इतर दहाबारा जणांबरोबर त्याचेही नाव लिहून घेतले गेले. भारतीय दंड विधान, कलम १८८. सरकारी आदेशाचा भंग.

रात्री मी त्याच्या घरी गेलो. पोटरी सुजली होती. आणि मी शहाणपणाने त्यालाच विचारले, "अरे, चिठ्ठी हातात धरून जायचे ना!" आज त्या वाक्याची लाज वाटते.

पुढे तीन आठवड्यांनी आबांना ताप आला. वहिनींनी दार आतून लावून घेतले. कुणाला सांगितले नाही. शेजारी असून मलाही नाही. ताप आहे असे कळले की गाडी येईल, सगळ्यांना घेऊन जाईल, पोराचे नाव पोलिसात आहेच, आता आणखी काय लावतील या भीतीने चार दिवस घर चिडीचूप राहिले. पाचव्या दिवशी आबांना श्वास लागेना तेव्हा पोरगा माझ्याकडे धावत आला. गाडी मिळाली, खाट मिळाली, पण तिसऱ्या दिवशी आबा गेले. शेवटचे तोंडही कुणाला पाहता आले नाही. पंधरा दिवसांनी विलगीकरणातून परत आल्यावर वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, पहिल्याच दिवशी सांगितले असते तर आबा वाचले असते का हो?"

मी डॉक्टर नाही. मी काय उत्तर देणार? पण एवढे मात्र मी नक्की सांगू शकतो की ते दार आबांच्या तापाने लागले नव्हते. ते एप्रिलमधल्या लाठीने लागले होते.

त्या घराचा पहिला कागद आबांच्या मृत्यूच्या मदतीचा अर्ज. दुसरा, पोराच्या गुन्ह्याचा. दोन्हींबद्दल पुढे सांगतो. आधी हे कलम आले कुठून ते पाहू.

सव्वाशे वर्षांचा जुना कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत साथ मुंबईभर आणि पुढे पुण्यापर्यंत पोचली. इंग्रज सरकार हादरले. बंदराचा व्यापार बुडण्याची भीती होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला. कायदा चिमुकला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल तो हुकूम काढता येईल. तो मोडणाऱ्याला दंड विधानाच्या कलम १८८ खाली शिक्षा होईल. आणि या कायद्याखाली सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. सरकारला सगळे अधिकार मिळाले. पण लोकांना अन्न द्यायचे, औषध द्यायचे, त्यांना विश्वासात घ्यायचे याबद्दल कायद्यात एक ओळसुद्धा नव्हती.

पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मार्च १८९७ पासून सुमारे नऊशे सैनिक लावून घरांच्या झडत्या सुरू झाल्या. संशय आला की माणसाला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामान जाळायला. बायाबापड्यांची तपासणी गोऱ्या सोल्जरांसमोर. लोकांनी काय केले? रोगी माळ्यावर लपवले, मृतदेह लपवले, शहर सोडून पळाले. पळणाऱ्यांबरोबर प्लेगही गावोगाव गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

इथे एक गोष्ट आपण स्पष्ट बोलली पाहिजे. त्या वेळचा सगळा संताप एका जातीचा नव्हता. सोल्जर स्वयंपाकघरात शिरला, देवघर बाटले, असा सोवळ्याओवळ्याचा राग त्यात होता. त्या रागाशी आपल्याला कर्तव्य नाही. पण बाईमाणसाची अब्रू गेली, गरिबाचा संसार जाळला गेला, आजारी माणसाला गुन्हेगारासारखे ओढून नेले, हा राग माणुसकीचा होता. मुंबईत तर हा राग कामगारांचा होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही अशी त्यांची समजूत झाली होती. ते इस्पितळ म्हणजेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोरोना रुग्ण तिथेच ठेवले होते. म्हणजे इस्पितळ तेच, कायदा तोच आणि गरिबाच्या मनातली भीतीही तीच.

सावित्रीमाईंची वाट

त्याच १८९७ साली दुसरेही एक काम चालू होते. क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव लष्करातील नोकरीतून आले आणि पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीमाई तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक पोर प्लेगने तापले आहे असे कळल्यावर त्या माउलीने त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे चरित्रकार सांगतात. ते पोर वाचले. सावित्रीमाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

विचार करा. सरकारच्या सोल्जराला पाहून लोक रोगी लपवत होते आणि ज्या मुलाची सावलीसुद्धा गावाला चालत नव्हती, त्याचे आईबाप त्याला सावित्रीमाईंच्या पाठीवर देत होते. रोग तोच, माणसेही तीच. फरक होता तो विश्वासाचा. माई त्यांच्यासाठी त्या दिवशी नव्याने आलेल्या नव्हत्या. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८४८ पासून मुलींना शिकवले, पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आपल्या घरातला हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७७ च्या दुष्काळात अन्न पुरवले. पन्नास वर्षांची ती ठेव होती. साथीच्या दिवसांत ती कामी आली. असा विश्वास साथ आल्यावर हुकूम काढून मिळत नसतो.

चार तासांची मुदत

आता २०२० कडे येऊ. मार्चच्या मध्यावर महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा लागू केला. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. ती त्याच रात्री बारा वाजल्यापासून. चार तासांत एकशेतीस कोटींच्या देशाने दार लावून घ्यायचे होते. ज्याच्या घरात महिन्याचे रेशन भरलेले होते, त्याने लावले. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने काय करायचे?

रोग नवीन होता, औषध नव्हते, घाई करावी लागली, हे सगळे मान्य. माणसांनी अंतर ठेवावे हा सल्लाही बरोबर होता. पण २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबे झोपडपट्टीत राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, संडास सार्वजनिक, पाणी नळावर. तिथे "घरातच राहा" हा हुकूम पाळायचा म्हटला तरी पाळता येत नव्हता. जो नियम माणसाला पाळणेच शक्य नाही, तो मोडल्याबद्दल त्याला शिक्षा केली की त्याच्या मनात एकच गोष्ट ठसते. हा नियम माझ्या भल्यासाठी नाही, मला पकडण्यासाठी आहे.

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर गावाकडे पायी निघाले होते. औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून रेल्वेच्या रुळांवरच झोपले. मालगाडी आली आणि सोळा जण गेले. रस्त्यावर पोलीस अडवतात म्हणून कितीतरी मजूर त्या दिवसांत रुळांच्या कडेने चालत होते. त्यांनीही नियम मोडला होताच. त्याची शिक्षा कोणत्या कायद्यात लिहिली आहे?

तामिळनाडूत साथानकुलम येथे जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळेनंतर मोबाइलचे दुकान उघडे ठेवले या कारणावरून बाप आणि मुलगा यांना पोलिसांनी पकडले. चार दिवसांत दोघेही मरण पावले. पुढे सी.बी.आय.ने नऊ पोलिसांवर खुनाचे आरोपपत्र दाखल केले. कलम १८८ खाली जास्तीत जास्त शिक्षा किती होती? सहा महिने कैद आणि एक हजार रुपये दंड.

नियम कुणाला, सूट कुणाला?

माणूस कडक नियम सोसतो. आपल्या लोकांनी तर काय काय सोसले आहे! पण एकाला नियम आणि दुसऱ्याला सूट, हे त्याला सोसत नाही. हजारो वर्षे जात नावाची व्यवस्था हेच तर करत आली. गुन्हा एकच, पण शिक्षा जात पाहून. मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली गेली ती यासाठीच.

एप्रिल २०२० मध्ये, ज्या दिवसांत आमचा पोरगा औषधासाठी मार खात होता, त्याच दिवसांत एका मोठ्या धनिक कुटुंबाची तेवीस माणसे मोटारींतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेली. त्यांच्यापाशी गृह विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. बोभाटा झाल्यावर त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला, अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले आणि काही महिन्यांतच ते सन्मानाने मोठ्या पदावर परतले. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक घराने ही बातमी वाचली. पोराच्या सुजलेल्या पोटरीकडे पाहत वाचली.

तबलिगी जमातीच्या वेळी तर एका संपूर्ण समाजावर रोग पसरवल्याचा शिक्का मारला गेला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर दाखल केलेले गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवल्याचे निरीक्षण नोंदवले. कालपर्यंत ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, त्या आपल्याला हा शिक्का काय असतो हे वेगळे सांगायला नको.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. ज्या इंग्रजांनी आपल्याला १८९७ चा कायदा दिला, त्यांच्या देशातही २०२० मध्ये तेच घडले. तिथे जमाव करणाऱ्याला दहा हजार पौंडांपर्यंत दंड होता. लोक मरणाऱ्या आईबापांना भेटू शकत नव्हते. आणि मे महिन्यात उघड झाले की पंतप्रधानांचे प्रमुख सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज हे टाळेबंदीत लंडनहून दूर डरहॅमला मोटारीने जाऊन आले. त्यांना ना दंड झाला, ना पद सोडावे लागले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी हजारो लोकांची मते सतत नोंदवली होती. या प्रकरणानंतर इंग्लंडमधील लोकांचा सरकारवरील विश्वास झपाट्याने खाली आला, असे त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले.

पुढे कळले की पंतप्रधानांच्या कार्यालयातच मेजवान्या झडत होत्या. १६ एप्रिल २०२१ च्या रात्री तिथे निरोपाच्या दोन मेजवान्या झाल्या. दुसऱ्या दिवशी राणी एलिझाबेथ नवऱ्याच्या अंत्यविधीला नियम पाळून बाकावर एकटीच बसली होती. लोकांच्या मनात ती दोन चित्रे शेजारी शेजारी उभी राहिली. तिथल्या पोलिसांनी तपास करून एकूण १२६ दंड ठोठावले. त्यांत स्वतः पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाही एप्रिल २०२२ मध्ये ५० पौंडांचा दंड भरावा लागला. उशिरा का होईना, पण तिथे दंडाची नोटीस देशाच्या पंतप्रधानाच्या नावाने निघाली. आपल्याकडे अशी किती निघाली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

चौदा एप्रिल घरात

आता आपली स्वतःची गोष्ट. १४ एप्रिल २०२० हा प. पू. बाबासाहेबांचा १२९ वा जन्मदिन. आपल्या माणसाला जयंती म्हणजे काय असते हे सांगायला नको. घरात नवे कपडे नसले तरी जयंतीची वर्गणी असते. पोरे दोन महिने आधी ढोल-ताशांना लागतात. त्या वर्षी मात्र आपल्या नेत्यांनी, विहारांच्या समित्यांनी, महिला मंडळांनी सांगितले की जयंती घरातच करायची. नेमक्या त्याच सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली आणि दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी उसळली.

आमच्या चाळीत त्या दिवशी काय झाले? प्रत्येक दारात एक मेणबत्ती. प्रतिमेला हार नव्हता, कारण फुले मिळत नव्हती. एकीने कागदाची फुले केली. त्रिशरण-पंचशील प्रत्येकाने आपापल्या घरात म्हटले. ढोलाचे पैसे धान्याला गेले. मंडळाच्या पोरांनी पंचेचाळीस घरांना तांदूळ आणि डाळ पोचवली. चाळीत एकही पोलीस नव्हता.

तेच दीक्षाभूमीवर झाले. २०२० चा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला. तेच ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर झाले. दरवर्षी लाखोंचा सागर जिथे लोटतो, तिथे लोकांनी घरूनच अभिवादन केले. बाबासाहेबांच्या लेकरांना दादरला येण्यापासून रोखायला किती लाठ्या लागल्या असत्या? त्या लागल्याच नाहीत. ज्यांनी सांगितले ते आपले होते, त्यांनी कारण सांगितले आणि सांगणारा स्वतःही घरीच थांबला होता.

ज्या माणसांना "दंडुक्याशिवाय शिस्त नाही" असे म्हटले जाते, ती हीच माणसे.

धारावीतही हेच दिसले. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांना वाटले, आता प्रेतांचा खच पडणार. धारावीतही पोलीस बंदोबस्त होता, रस्ते बंद होते. पण तेवढ्यावर भागले नाही. महापालिकेने तिथल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतले. ज्या डॉक्टरकडे माणूस वीस वर्षे खोकला दाखवत आला, तो दारात तपासायला आला तर माणूस दार उघडतो. शाळा आणि सभागृहांत विलगीकरण केले आणि तिथे जेवण दिले. सार्वजनिक संडास वारंवार धुतले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जगातील उदाहरणांत धारावीचे नाव घेतले.

मग शिक्षा नकोच का?

कुणी म्हणेल, मग काय, मोकळे रान सोडायचे? मुळीच नाही. परिचारिकेवर दगड मारणारा, रुग्णवाहिका अडवणारा, रेमडेसिविरचे इंजेक्शन काळ्या बाजारात विकणारा, लागण असूनही मुद्दाम लग्नाच्या पंगती उठवणारा, यांना शिक्षा झालीच पाहिजे. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांसाठी २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आली, ती योग्यच झाली. त्या कर्मचाऱ्यांत आपल्या किती आयाबहिणी आणि किती सफाई कामगार होते, हे आपण पाहिले आहे. शिवाय आपल्यातही मास्क हनुवटीला लावून फिरणारे होते. ते चुकलेच. रोग जात पाहत नाही.

म्हणणे एवढेच की शिक्षा ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधी चार पायऱ्या आहेत. नियम का केला ते लोकांच्या भाषेत सांगा. तो पाळता येईल अशी सोय करा. घरात बसा म्हणता तर घरात धान्य पोचवा. नियम सगळ्यांना सारखा लावा. आणि नियम करणाऱ्याने तो आधी स्वतः पाळा. या चार पायऱ्या गाळून जो थेट शिक्षेवर उडी मारतो, त्याला लोक घाबरतात, पण त्याचे ऐकत नाहीत. घाबरलेला माणूस लपवतो. आणि साथीच्या रोगात लपवणे म्हणजे मरण.

तथागतांनी संघासाठी विनयाचे नियम केले, पण वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या दिवशी स्वतः भिक्षूंना विचारले की माझ्या वागण्यात-बोलण्यात तुम्हाला काही दोष दिसतो का? नियम करणारा स्वतः नियमाखाली उभा राहिला. बाबासाहेबांनीही ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते की संविधानिक नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते. ती फक्त जनतेनेच जोपासायची का? खुर्चीवरच्या माणसाने आधी जोपासली पाहिजे.

हे ठाऊक असू द्या

साथ पुन्हा केव्हा येईल सांगता येत नाही. म्हणून घरातल्या सर्वांना पुढील गोष्टी माहीत असाव्यात.

१. जुने कलम १८८ आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागू आहे आणि त्यात शिक्षा वाढली आहे. साध्या भंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड. जिवाला धोका होत असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात.

२. शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. रस्त्यावर लाठी मारणे, उठाबशा काढायला लावणे ही कोणत्याही कायद्यातली शिक्षा नाही.

३. या कलमाखाली न्यायालय संबंधित सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच दखल घेऊ शकते.

४. दंड भरला तर पावती मागा. पावती नसेल तर तो दंड नव्हे.

५. अटक झाल्यास कारण सांगितले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. हा संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला हक्क आहे.

६. स्त्रिया, कोठडीतील व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा.

त्या दोन कागदांचे काय झाले?

पहिला कागद आबांचा. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये आदेश दिला, त्यानंतर कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये ठरले. मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे कागद, बँकेचे पुस्तक असे सगळे जोडून आम्ही अर्ज केला. पैसे मिळाले. वहिनींनी त्यातले काही मंडळाच्या धान्याच्या खात्यात दिले. मी नको म्हटले तर म्हणाल्या, "आबांनी दिले असते, भाऊजी."

दुसरा कागद पोराचा. २०२१ मध्ये त्याला एका खाजगी कंपनीत चांगली नोकरी लागत होती. चारित्र्य पडताळणीत कलम १८८ निघाले आणि नोकरी गेली. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीतील असे गुन्हे मागे घेण्याचे ठरवले. म्हणजे सरकारनेच कबूल केले की हे पोर गुन्हेगार नव्हते. पण कोर्टाचा कागद हाती यायला पुढे कित्येक हेलपाटे झाले. तोवर भरतीचे मैदान सुटले. आता तो एका गोदामात हिशेब ठेवतो. पहाटे धावत नाही.

त्या संध्याकाळी बाकड्यावरच्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले. त्यांना आबांचे मरण ठाऊक होते, पण चार दिवस दार का बंद होते ते ठाऊक नव्हते. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठले, नळावर गेले, तिथे राहिलेली वहिनींची दुसरी कळशी भरली आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

समाजबांधवांनो, सरकारने विश्वास कमवावा अशी मागणी आपण केलीच पाहिजे. १८९७ चा तो कायदा बदलून त्यात लोकांच्या हक्कांची कलमे यावीत, ही मागणीही केली पाहिजे. पण आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत विश्वास उभा करणे आपल्याच हाती आहे. उद्या शेजारच्या घरात कुणी तापले तर त्याने पहिल्याच दिवशी तुमचे दार ठोठवावे, असे तुमचे दार आहे का? आज रात्री जेवताना घरातल्या सर्वांनी मिळून एवढा विचार करावा.

जयभीम!